सराई माणसांची

हल्ली तरुण मुलं एक खेळ खेळतात. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. त्यात पाठलाग चुकवणाऱ्यांना दडायला एखादी सराई लागतेच. ती कशी असावी, असं कुणी विचारलं तर मी जपानमधल्या तेरादायाकडे बोट दाखवीन.

क्योतोजवळच्या फुशिमीतून ओसाकाला होड्या जात. त्या उतारूंचं हे मुक्कामाचं घर, मालकीण ओतोसे. रोज नवी माणसं येत, त्यामुळं अनोळखी चेहऱ्याचं कुणाला नवल नसे. शोगुनच्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला साकामोतो ऱ्योमा तिथं उतरायचा.

१८६६ मध्ये एका रात्री शिपायांनी घर वेढलं. ओतोसेच्या आश्रयाला असलेली ओऱ्यो तेव्हा न्हाणीत होती. चाहूल लागताच ती तशीच जिना चढून धावली. ऱ्योमा सावध झाला आणि जखमी हातांनी निसटला. १८६७ मध्ये क्योतोतल्या दुसऱ्या मुक्कामी मात्र मारेकऱ्यांनी त्याला गाठलंच.

तेरादायाचं जुनं घर १८६८ च्या लढाईत जळालं. आज दिसतं ते नंतरचं. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या ओतोसे आणि ओऱ्यो. तेव्हा खेळात सराई रचायची असेल, तर आधी तिथली माणसं ठरवा. चोरदरवाजे मागाहून.