सॉफ्टवेअर सक्रियण व त्यातील दोष

सॉफ्टवेअर सक्रियण : विकत घेतलेले सॉफ्टवेअर ज्या संगणकावर बसविले आहे, त्या संगणकाशी त्याचा परवाना जोडण्याची क्रिया. एकाच परवान्यावर अनेक संगणकांत तेच सॉफ्टवेअर वापरले जाऊ नये, हा तिचा हेतू होय. ही जोडणी न झाल्यास वा झालेली तुटल्यास पडद्यावर एक संकेतांक उमटतो. त्यास सक्रियण दोष म्हणतात. यंत्र बिघडले असा त्याचा अर्थ सहसा नसतो. उत्पादकाकडील नोंद आणि समोरचा संगणक यांचा मेळ बसला नाही, एवढेच तो सुचवितो. म्हणूनच असा दोष दिसताच सर्व सॉफ्टवेअर पुसून पुन्हा बसविण्याचा रूढ उपाय बहुधा निरुपयोगी ठरतो, आणि त्यात वापरणाऱ्याची माहिती मात्र नष्ट होण्याचा धोका असतो.

येथे मुख्यतः मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या परिचालन प्रणालीचा विचार केला आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये विक्रीस आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर ही पद्धत घरगुती संगणकांवर सर्वत्र पोहोचली. प्रक्रियक, स्मृती, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड इ. दहा घटकांवरून एक्सपी संगणकाची ओळख ठरवीत असे. ३० दिवसांच्या मुदतीत इंटरनेटवरून किंवा दूरध्वनीवरून ती कळवावी लागे. दूरध्वनीवर ५० अंक वाचून दाखवावयाचे व उत्तरादाखल मिळालेले ४२ अंक संगणकात भरावयाचे, असा तो व्याप होता. दोन-तीन घटक बदलले तरी सक्रियण टिके. मर्यादेपलीकडे बदल झाल्यास ते पुन्हा करावे लागे. विंडोज १० (२०१५) पासून परवान्याची नोंद मुख्यतः उत्पादकाच्या सर्व्हरवर राहू लागली. २०१६ पासून ती वापरणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशीही जोडता येऊ लागली. मदरबोर्ड बदलल्यानंतर परवाना परत मिळविण्यास ही जोडणी फार उपयोगी पडते. मात्र ती दुरुस्तीपूर्वी केलेली असावी लागते. नव्या संगणकाबरोबर कारखान्यातूनच आलेला परवाना सामान्यतः त्याच संगणकापुरता असतो व दुसऱ्यावर नेता येत नाही.

दोषनिवारण : प्रथम संकेतांक जसाच्या तसा टिपून घ्यावा. त्याच्या शेवटी ‘एफ०५०’ असल्यास प्रॉडक्ट की अमान्य ठरली आहे. ही की २५ चिन्हांची असून पाच-पाचांच्या गटांत छापलेली असते. शून्य, एक व पाच हे अंक, तसेच ए, ई, आय, ओ, यू हे स्वर तीत वापरलेले नाहीत. तेव्हा बारीक ठशातील एखादे चिन्ह शून्य किंवा ओ वाटल्यास ते डी वा क्यू असण्याचा संभव असतो. बी आणि ८ यांची गल्लतही नेहमीची आहे. की बिनचूक असूनही नाकारली गेली, तर बसविलेली आवृत्ती तपासावी. होम आवृत्तीची की प्रो आवृत्तीस चालत नाही.

संगणकाचे घड्याळ हे सहज नजरेतून सुटणारे कारण आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की दिनांक अनेक वर्षे मागे जातो. सर्व्हरशी सुरक्षित संपर्क साधताना दिनांक तपासला जात असल्याने सक्रियण फसते. बॅटरी बदलून दिनांक सुधारणे, एवढेच तेव्हा पुरते.

कार्यालये व शिक्षणसंस्था यांच्या संगणकांचे सक्रियण पुष्कळदा संस्थेच्याच सर्व्हरवरून होते. ते १८० दिवस टिकते आणि संस्थेच्या जाळ्यात असताना आपोआप नव्याने होत राहते. दीर्घकाळ घरी राहिलेल्या लॅपटॉपवर ‘एफ०७४’ ने संपणारा संकेतांक दिसतो, तो हा संपर्क न झाल्यामुळे. त्यासाठी नवा परवाना घेण्याचे कारण नाही. लॅपटॉप संस्थेच्या जाळ्यास जोडावा. या पद्धतीत सर्व्हरकडे किमान २५ संगणकांची मागणी पोहोचेपर्यंत एकाही क्लायंट संगणकावरील विंडोजचे सक्रियण होत नाही. लहान प्रयोगशाळेत सर्व काही योग्य असूनही ते अडते, याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

सक्रियण टाळण्यासाठी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या आज्ञावली बेकायदेशीर तर आहेतच, शिवाय त्या बसविताना विषाणुरोधक सॉफ्टवेअर बंद करण्यास सांगितले जाते. घरमालकाने स्वतःच कुलूप काढून ठेवण्यासारखे हे आहे. 

दोष उत्पादकाकडेही असू शकतो. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टची, विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारी सेवा सुमारे १९ तास बिघडली व रीतसर विकत घेतलेल्या प्रतीही नकली ठरल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रो वापरणाऱ्या अनेकांचे परवाने असेच अचानक अमान्य झाले. दुरुस्ती सर्व्हरवर करावी लागली. अशा वेळी थांबणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. सर्व्हरच कायमचा बंद झाला, तर मात्र थांबून काही साधत नाही. ॲडोबी कंपनीच्या ‘क्रिएटिव्ह सूट २’ या जुन्या संचाचा सक्रियण सर्व्हर बंद झाल्यावर, ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांच्यासाठी कंपनीला जानेवारी २०१३ मध्ये सक्रियणाची गरज नसलेल्या प्रती उपलब्ध करून द्याव्या लागल्या.