भरमार जमा झाली, हक्कांचे काय?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात भरमार बंदूक पोरासोरांनाही ठाऊक आहे. सोरा, कोळसा, गंधक यांची काळी दारू नळीच्या तोंडातून ओतायची, छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! तरीही या जुनाट हत्याराची ओढ का टिकली? शहरी मंडळी म्हणतात, शिकारीचा शौक. आम्हाला हे मान्य नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत धानाची बांधी उद्ध्वस्त करतो, तेव्हा कारखान्यातल्या काडतुसावाचून चालणारी ही बंदूकच गरिबाला परवडते. तिचे बळ नेमके इथे आहे.

या मातीत शस्त्राला इतिहासही आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यात फाशी दिली गेली. पुढे 1878 या एकाच वर्षी दोन कायदे आले. एकाने आदिवासींचे जंगल सरकारच्या ताब्यात नेले, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हत्याराला परवाना लावला. गोऱ्यांना मात्र सूट! निःशस्त्र करून गुलाम ठेवण्याची ही युक्ती इंग्रजांची नव्हे. चातुर्वर्ण्याने शूद्रांना शस्त्र नाकारले म्हणूनच ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये दाखवून दिले आहे.

स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यातील कलम 13 पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना द्यावा, असे सांगते. पण भामरागडच्या माडियाला हे कलम कोण वाचून दाखवणार? कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परंपरेच्या नावाने परवान्यातून सूट आहे. 2019 साली केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली. तिथे परंपरा आणि इथे गुन्हा, हा कुठला न्याय?

नक्षली दलमच्या खांद्यावरही भरमार दिसली, त्यामुळे घरात ती असणारा साधा शेतकरीही संशयात सापडला. गेल्या काही वर्षांत अनेक गावकऱ्यांनी आपल्या भरमार पोलिसांकडे जमा केल्या. याचे आम्हाला दुःख नाही. बंदुकीच्या बाराने जंगल परत मिळाले नाही. ते मिळू लागले 2006 च्या वनहक्क कायद्याने. 2009 साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चांद्यात धम्मदीक्षा देणाऱ्या बाबासाहेबांचा मार्गही शस्त्राचा नव्हता, संविधानाचा होता.

परंतु हत्यार घेणाऱ्या सरकारनेही आपली बाजू पाळली पाहिजे. पिकाची भरपाई वेळेवर द्या, वनहक्काचे दावे निकाली काढा, ग्रामसभेचा ठराव माना. गावकऱ्याने बंदूक खाली ठेवली आहे. आता त्याच्या रिकाम्या हातात त्याचा हक्क पडतो की नाही, एवढाच आमचा सवाल आहे.