मोटारीतला माल आणि मोटारीतली हवा

कापडाच्या कारोबारात मोटार ही चैनीची वस्तू उरलेली नाही, याला आता बरीच वर्षे झाली. मालेगावहून भिवंडी, भिवंडीहून मुंबईचे मूळजी जेठा मार्केट, तेथून सुरत असा ज्याचा आठवडा जातो, त्याच्या दृष्टीने मोटार म्हणजे चार चाकांवरचे छोटे दुकानच. दुकानातल्या कपाटाचे, गल्ल्याचे आणि पंख्याचे आपल्याला बारीक ज्ञान असते. कोणत्या फळीवर उन्हाची तिरीप येते, कोणत्या कोपऱ्यात ओल चढते हे दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. पण लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीत खण किती आहेत आणि एसीच्या बटणाशेजारी गोल वळलेल्या बाणाचे जे बटण आहे ते कशासाठी आहे, असे विचारले तर बहुतेक मालक ड्रायव्हरकडे पाहतात आणि ड्रायव्हर रस्त्याकडे पाहतो. गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही. ते इंग्रजीत असते, हेही एक कारण आहे. म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या रोजच्या उपयोगाच्या काही गोष्टी येथे देत आहोत.

सामानाची जागा आणि थंड हवा यांचे भांडण जुने आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्याची यंत्रणा मागच्या डिकीत होती आणि डिकीची बरीच जागा तीच खाऊन टाकी. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. १९५४ साली नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात बसवली, तेव्हा डिकी मोकळी झाली.

आपल्याकडे डिकी पुन्हा अडली ती सीएनजीच्या सिलिंडरने. पेट्रोलचा खर्च वाचतो म्हणून व्यापारी सीएनजी गाडी घेतो आणि मग तागे मागच्या सीटवर रचतो. टाटा कंपनीने २०२३ पासून काही गाड्यांत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवून यावर इलाज काढला आहे. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीचा सिलिंडर आहे त्यांनी त्याच्या व्हॉल्व्हवर किंवा नळीवर गठ्ठा टेकू देऊ नये. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. तिची तारीख पाटीवर असते, ती एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावी. गॅसचा वास आला तर दारे-काचा उघडाव्यात आणि काडी किंवा लायटर पेटवू नये.

डिकीत माल भरताना आपण जागा पाहतो, वजन पाहत नाही. हिशोब सोपा आहे. दीडशे ग्रॅम चौरस मीटरचे, एकशे दहा सेंटिमीटर पन्ह्याचे शंभर मीटर कापड म्हणजे साडेसोळा किलो. असे दहा तागे भरले की एकशे पासष्ट किलो झाले, म्हणजे मागे दोन-अडीच माणसे जास्त बसली. तेवढ्या ओझ्याने गाडी मागे दबते, पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर जातात आणि ब्रेक लांब लागतो. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये हवा किती असावी हे ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. जड गठ्ठा सर्वांत खाली, मागच्या सीटच्या पाठीला भिडवून ठेवावा, हलके वर. मागच्या काचेखालच्या फळीवर तर काहीच ठेवू नये. साठच्या वेगाने चाललेली गाडी एकाएकी थांबली की फळीवरचे जाडजूड शेड कार्ड साठच्याच वेगाने पुढे येते आणि ते बसणाऱ्याच्या मानेवर येते. शिवाय त्या काचेतून येणाऱ्या उन्हाने नमुन्यांचा रंग उडतो, आणि रंग उडालेला नमुना दाखवून घेतलेली ऑर्डर पुढे वादाला कारण होते.

आता विम्याची गोष्ट. ही फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत गाडीच्या वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यात भाडे घेऊन वापर आणि मालाची वाहतूक या गोष्टी वगळलेल्या असतात. मालवाहतुकीला सवलत आहे ती फक्त नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. म्हणजे नमुन्यांचे बोचके घेऊन आपण बाजारात गेलो तर हरकत नाही. पण वीस तागे गिऱ्हाइकाला पोचवायला निघालो आणि वाटेत अपघात झाला, तर कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो डिकीचा काढतो. नेहमीची डिलिव्हरी टेम्पोनेच पाठवावी. भाडे वाचवण्याच्या नादात सगळा दावा अडकू शकतो. तसेच गाडीतून माल किंवा रोकड चोरीला गेली तर मोटारीचा साधा विमा त्याची भरपाई देत नाही, तो गाडीचा असतो. सुरतेहून पन्नास हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल स्वतःच्या गाडीत टाकून आणला तरी ई-वे बिल लागते. आंतरराज्य मालासाठी हा नियम १ एप्रिल २०१८ पासून आहे.

पावसाळ्यात डिकीचा दुसरा शत्रू म्हणजे ओल. सुती कापड हवेतली ओल पिऊन घेते. प्रमाणित हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल त्यात असते, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. कोऱ्या मालावर खळ असते आणि बुरशीला खळ आवडते. डिकीच्या गालिच्याखाली जादा चाकाचा खड्डा असतो. दाराचे रबर फाटले असेल तर पाणी गुपचूप त्यात साचते. वर कार्पेट कोरडे, खाली तळे, आणि मधे आपला माल. महिन्यातून एकदा गालिचा उचलून हात फिरवावा. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असेल तर ते काढून पाणी सोडता येते. ओली छत्री डिकीत टाकण्याची सवय तर आजच सोडावी. माल प्लास्टिकमध्ये घट्ट बांधला की तो सुरक्षित झाला असेही समजू नये. बांधताना आत राहिलेली ओल आतच राहते.

पुढचा खण

डाव्या सीटसमोरच्या खणाला इंग्रजीत ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे हातमोज्यांची पेटी म्हणतात. उघड्या मोटारींच्या काळात चालकाला हातमोजे लागत, ते ठेवायची ही जागा. आपल्याकडे त्यात हातमोजे सोडून सर्व काही असते. जुन्या पावत्या, चेकबुक, सुपारी, दुकानाची जादा किल्ली, आणि गाडीचे मूळ आरसी बुक. यातली शेवटची वस्तू तेथे असू नये. २०१८ पासून डिजीलॉकर किंवा एम-परिवहनवरची कागदपत्रे पोलिसांनी ग्राह्य धरावीत असा नियम आहे. मूळ कागद घरी ठेवावेत. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली याच खणात होती असे सांगायची पाळी आली तर दाव्याचे काय होईल ते सांगायला नको.

या खणाच्या मागे बहुतेक गाड्यांत एसीचा फिल्टर असतो. आत येणारी हवा त्यातून गाळून येते. यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या गल्ल्यांत हवेत कापसाचे तंतू उडत असतात. ते फिल्टरवर बसून गोधडीसारखा थर होतो, हवा येत नाही, आणि मालक म्हणतो एसी गेला. मेकॅनिक गॅस भरून देतो. महिनाभर बरे वाटते, पुन्हा तेच. वास्तविक एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कोठे तरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फाटक्या खिशात पैसे टाकणे. आधी फिल्टर काढून पाहावा, मग पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरवरचा कचरा हलक्या पाण्याने धुवावा. या दोन गोष्टींनीही थंडावा आला नाही तरच गॅसची गोष्ट काढावी. फिल्टर बदलायला खण उघडून दोन बाजूंची आकडी सोडवावी लागते, एवढेच काम आहे. खणात बिस्किटांचा चुरा ठेवणाऱ्यांच्या फिल्टरमध्ये गोदामाचे उंदीर घर करतात, हेही पाहिलेले आहे.

काही गाड्यांत हाच खण थंड करण्याची सोय असते. आत एक लहान झडप असते, ती उघडली की एसीची हवा खणात जाते. पाण्याची बाटली त्यात गार राहते. परंतु मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन त्यात ठेवू नये. त्या खणाचे तापमान ठरलेले नसते, आणि गाडी उन्हात उभी राहिली की तोच खण तापतो. औषध थर्मासच्या पिशवीत घालून अंगाबरोबर न्यावे. बाटली मात्र दाराच्या खणातच ठेवावी, सीटखाली नाही. घाट उतरताना घरंगळत आलेली बाटली ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकली तर पुढचे सांगायला माणूस उरत नाही.

बॅगेची एहतियात वेगळी. बाजारात पोचल्यावर सर्वांसमक्ष डिकी उघडून बॅग आत ठेवणे म्हणजे दवंडी पिटणे होय. ठेवायची तर घरून निघतानाच ठेवावी. टायर पंक्चर आहे, खाली नोटा पडल्या आहेत असे कोणी काचेवर टकटक करून सांगितले, तर आधी दारे लॉक आहेत का ते पाहावे.

उन्हाचा आणि धुक्याचा बंदोबस्त

मे महिन्यात बाहेर ४० अंश असेल तर बंद गाडीत तासाभरात साठच्या घरात पारा जातो. डॅशबोर्ड त्याहून तापतो. सुगंधाच्या फवाऱ्याच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये असे छापलेले असते. लायटर आणि पॉवर बँक यांचेही तसेच. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली आहे, तेव्हा उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून चकाकता पडदा लावणे हाच सोपा इलाज.

गाडीत बसल्यावर आधी चारी काचा उतरवून मिनिट-दोन मिनिटे चालवावी, तापलेली हवा बाहेर पडते. मग काचा चढवून एसी, आणि आतली हवा बाहेरच्याहून थंड झाली की तो गोल बाणाचा खटका दाबावा. त्याने बाहेरची हवा बंद होऊन आतलीच हवा फिरते व लवकर थंड होते. डॅशबोर्डच्या वाफेने कर्करोग होतो असा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो. घाबरून जावे इतका पुरावा त्याला नाही; काचा उघडायच्या त्या उष्णतेसाठी. मात्र गोल बाणावर गाडी तासन्‌तास चालवू नये. चार माणसांच्या श्वासाने हवा जड होते आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड येते. भिवंडीच्या ट्रकांमागे धूर असेल तेवढा वेळ तो खटका ठीक. रस्ता मोकळा झाला की काढावा.

कसाऱ्याच्या घाटात पावसाळ्यात काच पांढरी होते तेव्हा लोक फडक्याने पुसत बसतात. आधी बोट लावून पाहावे धुके आत आहे की बाहेर. आत असेल तर ते आपल्याच श्वासाचे आणि ओल्या कपड्यांचे. एसी चालू, हवा काचेकडे, गोल बाण बंद. एसी हवेतले पाणी काढून घेतो, गाडीखाली टपकते ते हेच पाणी. थंडी वाजत असेल तर तापमानाचा खटका लाल बाजूला नेला तरी चालतो, एसी व हीटर एकत्र चालू शकतात. धुके बाहेर असेल तर काच आतून फार गार झाली आहे असे समजावे. वायपर फिरवावा आणि गार हवा काचेवरून काढावी. मागच्या काचेवरच्या बारीक तारा विजेने तापतात. काच स्वच्छ झाली की त्यांचे बटण बंद करावे, त्या वीज फार घेतात.

घाट चढताना इंजिनचा काटा लालकडे सरकू लागला तर एसी बंद करून, काचा उघडून हीटर पूर्ण सोडावा. हीटरला उष्णता इंजिनच्याच पाण्यातून मिळते, त्यामुळे इंजिनचा ताप थोडा उतरतो. मग जागा पाहून गाडी थांबवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, वाफेने तोंड भाजते.

सर्वांत नाजूक बाब शेवटी. माल उतरवायला दोन मिनिटे लागतील म्हणून लेकराला बंद गाडीत सोडून कोणी दुकानात जाऊ नये, एसी चालू ठेवूनही नाही. पहिल्या दहा मिनिटांतच गाडी धोकादायक तापते आणि मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापते. तसेच रात्री बाजाराबाहेर इंजिन चालू ठेवून, काचा चढवून एसीत झोपणारे ड्रायव्हर. धुराड्याची नळी खाली कोठे फुटली असेल, किंवा गाडी भिंतीला पाठ लावून वा बंद शेडमध्ये उभी असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो उठवत नाही. ड्रायव्हरला विसावा हवा असेल तर मालकाने इंजिन बंद करायला लावून काचा चार बोटे उतरवून द्याव्यात, नाहीतर मुसाफिरखान्यात त्याच्यासाठी एक खाट सांगून ठेवावी.