कोपऱ्यात उभा केलेला कॉर्नेटवाला

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी पियानोचा एक मोठा कारखाना होता. त्याच्याच आवारात, आगगाडीच्या रुळांना लागून, जेनेट कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. गाडी आली की मुद्रण थांबायचं, धडधड विरली की पुन्हा सुरू व्हायचं. ५ एप्रिल १९२३ रोजी शिकागोहून किंग ऑलिव्हरचा क्रिओल जाझ बँड या खोलीत आला आणि वादकांना एक विचित्र वाद्य भेटलं. ती खोलीच.

तेव्हा इथे मायक्रोफोन नव्हता, होता फक्त एक कर्णा. त्यात शिरलेला आवाज मागचा पातळ पडदा थरथरवायचा आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर ती थरथर कोरायची. आवाज लहानमोठा करायला कळच नाही! मग ते काम वादकांच्या पायांवर आलं. हलका आवाज असेल त्याने कर्ण्याजवळ यायचं, दणदणीत असेल त्याने मागे सरायचं.

मोठ्या ढोलाचा एक ठोका पडला तरी सुई उडण्याची भीती. म्हणून ढोलकिया बेबी डॉड्स लाकडी ठोकळ्यांवर ताल धरून बसला. बिल जॉन्सन खरा बेस वाजवणारा, पण मंद्र सूर मेणात नीट उमटत नसत, तेव्हा त्याच्या हाती बँजो आला. 'डिपरमाउथ ब्लूज' वाजवताना एका मोकळ्या जागी डॉड्स आपला तुकडा विसरला आणि तिथे जॉन्सननेच आरोळी ठोकली. ही हकिगत पुढे डॉड्सनेच सांगितली. त्या चुकीची गंमत अशी, की नंतरचे बँड हे गाणं वाजवताना त्याच जागी तशीच आरोळी ठोकू लागले.

म्हणजे त्या काळच्या जाझचा म्हणून आपण जो टकटकीत, बँजोच्या खणखणाटाचा नाद ओळखतो, त्यात जाझच्या माहेराइतकाच, न्यू ऑर्लीन्सइतकाच, वाटा त्या भित्र्या सुईचाही आहे.

बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवणारा २१ वर्षांचा पोरगा होता. त्याची फुंक एवढी जबरदस्त, की तो इतरांच्या शेजारी उभा राहिला तर बाकी कुणी ऐकूच येईना. त्याला दूर कोपऱ्यात पाठवलं. बिचारा हिरमुसला. पियानोवर बसलेल्या लिल हार्डिनने मात्र ताडलं: याला एवढं लांब ठेवावं लागतं, तर हाच सगळ्यांत भारी असणार. तो होता लुई आर्मस्ट्राँग.

पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. ऑलिव्हरला सोडून स्वतःच्या पायावर उभा राहा, असा धोशा लिलनेच लुईमागे लावला. 'स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू' ही गाजलेली रचना तिची. संसार टिकला नाही, स्नेह टिकला. लुई जुलै १९७१मध्ये गेला. पुढच्या महिन्यात शिकागोत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत पियानो वाजवता वाजवताच लिल कोसळली आणि गेली.

रिचमंडच्या त्या खोलीत या बँडने मुद्रित केलेलं 'चाइम्स ब्लूज' हे गाणं आजही सहज ऐकायला मिळतं. दोनदा ऐका. पहिल्यांदा लुईसाठी, कारण मुद्रित झालेलं त्याचं पहिलं एकल वादन त्यात आहे. दुसऱ्यांदा पियानोवर घंटेसारखे टोले देणाऱ्या बाईसाठी.