चार पाकिटांपासून सुरुवात



उन्हाळा आला की आपल्या नागपूर जिल्ह्यात गावोगावी पापड, कुरड्या, मुंगवड्यांची वाळवणं पडतात. बचत गटाच्या बैठकीत मग विषय निघतोच, "एवढं घरासाठी करतो, तर विकायला का नको?" विचार चांगला आहे. पण गटाच्या पेटीतला पैसा म्हणजे कुणाच्या लेकराची फी असते, कुणाचं औषधपाणी असतं. म्हणून धंद्यात पैसा घालण्याआधी लिज्जत पापडाची गोष्ट समजून घेऊ या.

15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेतले आणि इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. त्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. वर्षभरात विक्री झाली 6,196 रुपयांची. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पुढे 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यातून पहिली गोष्ट शिकायची ती ही, की सुरुवात लहान करा. आधी थोडा माल करा, विका, गिऱ्हाईक परत मागायला येतं का ते बघा. यंत्राचं कर्ज त्यानंतर.

दुसरी गोष्ट, माल एकसारखा ठेवा. त्या बाया आधी दोन प्रतीचे पापड करत, हलका माल स्वस्तात विकायला. छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, एकच चांगली प्रत ठेवा. आपल्याकडे प्रत्येकीच्या हाताची चव वेगळी असते. म्हणून मीठ, पापडखार, मिरे वजनकाट्यावर मोजा आणि प्रमाण वहीत लिहून ठेवा.

तिसरी, पावसाचा विचार उन्हाळ्यातच करा. लिज्जतचं काम पहिल्या पावसाळ्यात चार महिने बंद राहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. काम थांबलं नाही. आपणही मृग लागण्याआधीच ठरवू या, माल कुठे वाळवायचा, कोरडा कुठे ठेवायचा.

चौथी, आपली मजुरी धरा. मानू या, 10 किलो पापडाला सामान 1,500 रुपयांचं लागलं. पाकिटं आणि गाडीभाडं 300. किलोला पडले 180. पापड 220 ला विकला, तर वाटतं 40 रुपये सुटले. पण पाचजणी दिवसभर राबल्या. प्रत्येकीचे 200 धरले तर आणखी 1,000 झाले. म्हणजे किलोमागे खर्च 280. नफा नाही, 60 रुपयांचा तोटा! तो तोटा आपल्या मनगटातून जातो, म्हणून दिसत नाही.

पाचवी, उधारी. नात्यागोत्यात नाही म्हणणं जड जातं. म्हणून नियम गटाचा करा, एकटीचा नको. "गटानं ठरवलं आहे, ताई," एवढं म्हटलं की वाईटपणा कुणा एकीकडे येत नाही. दुकानदाराकडे माल ठेवला, तर आधीचे पैसे मिळाल्यावरच पुढचा द्या.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही उघडा आणि चार ओळी लिहा: माल कोणता, खर्च मजुरीसकट किती, विकणार कुठे, पावसात काय. चारही ओळी भरल्या की मगच पेटी उघडा.