संगणक गावातच सुधारेल. पण आधी याद्या सांभाळा!

ग्रामपंचायतीचा संगणक बंद पडला, की सीपीयू गाडीवर घालून तालुक्याला न्यायचा, ही आपली रीत. त्यात दिवस मोडतो आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसाला हेलपाटा पडतो. पीकविम्याची मुदत तोंडावर असली, तर बोलायलाच नको. पुष्कळदा यंत्र धड असतं, बिघडलेली असते ती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. ती नेटवरून, दुरून नव्याने बसवता येते.

हा विषय आत्ता महत्त्वाचा आहे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. अशांवर लिनक्स चालू शकतं. सी-डॅकचं 'बॉस' लिनक्स मोफत असून त्यात मराठीची सोय आहे. मात्र आपली नेहमीची कामं त्यावर चालतात का, हे आधी तपासावं.

हे काम होतं कसं? एका इमारतीत बरेच संगणक असतील, तर 'पीएक्सई' ही पद्धत सोयीची. संगणक सुरू होताच वायरीवरून हाक देतो, सर्व्हर त्याला पत्ता देतो, आधी छोटा प्रोग्रॅम आणि मग बाकीचा माल पाठवतो. शाळेच्या संगणक कक्षाला ही पद्धत चांगली. पण ही हाक साधारणपणे त्या इमारतीच्या जाळ्यापुरतीच पोचते. तालुक्याहून गावात काम करायचं, तर गावातल्या माणसाने तयार पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा. लिनक्सच्या काही प्रकारांत पुढचं सगळं तालुक्यातला जाणकार आपल्या पडद्यावरून करू शकतो.

पेरणीआधी रान तयार करतो, तशी इथेही तयारी हवी :

१) नवी सिस्टीम बसवताना हार्ड डिस्क बहुधा पुसली जाते. सातबारा सरकारी सर्व्हरवर असतो, तो जात नाही. पण तुम्ही टाइप केलेल्या लाभार्थी याद्या, पंचनामे आणि ग्रामसभेची स्कॅन केलेली इतिवृत्तं त्या डिस्कवरच असतात. ती आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि उघडून पाहावीत.

२) वायफायपेक्षा वायर बरी. १० एमबीपीएसच्या लाइनवर ५ जीबी माल यायला तासाभराहून जास्त लागतो.

३) मध्येच वीज गेली, तर जुनंही गेलं आणि नवंही अर्धवट राहिलं, अशी गत होते. म्हणून यूपीएस हवाच. लोडशेडिंगची वेळ टाळावी.

४) सिस्टीम बसवणाऱ्याच्या हाती सगळ्या किल्ल्या जातात. म्हणून काम पंचायत समितीमार्फत, ओळखीच्या माणसाकडूनच करून घ्यावं. काम संपताच पासवर्ड बदलावा.

"तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, हे ॲप टाका" असा अनोळखी फोन आला, तर सरळ ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बिघाडाची वाट पाहू नये. याद्यांची दुसरी प्रत याच आठवड्यात काढून कपाटात ठेवावी. सिस्टीम पुन्हा बसवता येते. पुसलेला पंचनामा पुन्हा करायला मात्र तेव्हाचं पीक रानात उभं नसतं.