गवतकापणी यंत्राच्या एंजिनातील मिश्रणदोष

हिरवळीवरील गवत कापण्याच्या यंत्रास बहुधा एका सिलिंडराचे व हवेने थंड होणारे लहान पेट्रोल एंजिन जोडलेले असते. त्याला मिळणाऱ्या पेट्रोल व हवा यांचे परस्पर प्रमाण बिघडल्याने जे दोष उद्‌भवतात, त्यांना मिश्रणदोष म्हणतात. एडविन बडिंग या इंग्रज अभियंत्याने १८३० मध्ये अशा यंत्राचे एकस्व मिळविले, तेव्हा ते हाताने ढकलावे लागे. पेट्रोल एंजिनाचा वापर पुढे विसाव्या शतकात रूढ झाला.

पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. यापेक्षा हवा कमी असल्यास मिश्रण समृद्ध व जास्त असल्यास विरल होते. कार्ब्युरेटराच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथील दाब घटतो व जेटमधून पेट्रोल ओढले जाते. जेटचे छिद्र अतिशय बारीक असल्याने थोडासा मळही हे प्रमाण बिघडवितो.

लक्षणे : समृद्ध मिश्रणामुळे काळा धूर येतो, स्पार्क प्लगवर कोरडी काजळी साचते व पेट्रोल अधिक खर्च होते. विरल मिश्रणामुळे एंजिनाची गती सारखी कमीजास्त होते, भार येताच ते बंद पडते व प्लगचे टोक पांढुरके दिसते. गरम एंजिन चालू असताना चोक थोडा लावून पाहावा : चाल सुधारल्यास मिश्रण विरल, अधिक बिघडल्यास ते समृद्ध समजावे.

कारणे व उपाय : प्रथम ताजे पेट्रोल भरावे व हवेची गाळणी साफ करावी, गाळणी तुंबल्यास मिश्रण समृद्ध होते. एंजिन काही मिनिटे चालून थांबत असेल व टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा चालत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. जुन्या पेट्रोलाच्या राळेसारख्या थराने जेट तुंबते. ते द्रावकाने व दाबाच्या हवेने साफ करावे; तार घातल्यास छिद्र मोठे होते. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील गॅस्केट फाटल्यास जादा हवा शिरून मिश्रण विरल होते. फ्लोटची सुईझडप गळत असल्यास पेट्रोल वंगणतेलात उतरते. तेलास पेट्रोलाचा वास आल्यास झडप दुरुस्त करून तेलही बदलावे.

हे सर्व तपासल्यावरच, मिश्रणाचा स्क्रू असल्यास, त्यास हात लावावा. तो हलकेच बंद करून सु. दीड फेरा उघडावा व गरम एंजिन ज्या दोन स्थानी अडखळू लागते त्यांच्या मध्यावर ठेवावा. दोन धावांच्या एंजिनात वंगणतेल पेट्रोलातूनच मिळते. त्यामुळे मिश्रण विरल झाल्यास उष्णता वाढते आणि वंगणही घटते. परिणामी दट्ट्या सिलिंडरात अडकून एंजिन निकामी होऊ शकते. पेट्रोलात तेल वाढविल्याने हा दोष जात नाही. उलट तेवढ्या आकारमानात पेट्रोल कमी पडून मिश्रण आणखी विरल होते.

उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने तेच जेट समृद्ध मिश्रण देते. याउलट एथॅनॉलास ज्वलनासाठी कमी हवा लागत असल्याने एथॅनॉलयुक्त पेट्रोलाने मिश्रण काहीसे विरल होते. भारतात २० टक्के एथॅनॉल असलेल्या पेट्रोलाची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. एथॅनॉल ओलावा शोषून घेत असल्याने, यंत्र महिनाभर वापरावयाचे नसल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे हितावह असते.

दक्षता : पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगची तार काढावी. एंजिन बंद खोलीत चालवू नये, कारण समृद्ध मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू विशेष प्रमाणात असतो व त्यास वास नसतो.